वल्ह्याच्या तुकड्याची दांडी

हिराजीकाका,

तुमच्या बाराव्याला मी आले होते. शेवटच्या रांगेत बसले. पुढे चार-पाच जण तुमच्याविषयी बोलले. मानपाडा रोडवर असा हात पुन्हा होणे नाही, देवमाणूस होता, कधी कुणाला दुखवलं नाही, वगैरे. देवमाणूस म्हटल्यावर तुम्ही कसं तोंड वाकडं केलं असतं ते मला दिसलं, आणि मी उठून पाणी प्यायला गेले. तुम्ही लोकांना चांगलं दुखवायचात. टीव्हीवर फुलदाणी ठेवणाऱ्या बायकांना तुम्ही तोंडावर सांगायचात की टीव्हीला काही झालेलं नाही, फुलांचं पाणी आत गेलंय, आणि ते तुमच्या हौशीने गेलंय.

निघताना मंजुळाकाकींनी मला थांबवलं. माळ्यावरून काढून पुसून ठेवलेली पेटी त्यांनी माझ्या हातात दिली. "तुजी हाय, घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. जुन्या रेडिओच्या प्लायवूडची ती पेटी, तिच्यातून वर आलेली वल्ह्याच्या तुकड्याची दांडी, मागे गुंडाळलेली वायर. पाच वर्षांनी मी तिला हात लावला. घरी आणून कपाटावर ठेवली आणि चार दिवस तिच्याकडे बघायचं टाळलं. तुमच्या जाण्याचं दुःख मला होतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्या चार दिवसांत मला नीट उत्तर देता आलं नसतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. समोरचा माणूस भांडण टाकून उठून गेला की आधी राग येतो, बाकीचं नंतर.

तुमची माझी ओळख भांडणाने झाली नव्हती. मी सातवीत होते. बाबांनी आमचा टू-इन-वन तुमच्या दुकानात आणला तेव्हा मी सोबत होते. संध्याकाळी सातच्या बातम्यांना खरखर येते, अशी बाबांची तक्रार. बाबा रंगाच्या कारखान्यात फिटर, त्यामुळे तुम्ही स्क्रू कसा काढता याच्यावर त्यांचं बारीक लक्ष. तुम्ही मागचं झाकण उघडलं आणि ते उलटं करून मला धरायला दिलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं. आधी कुणीतरी उघडून काय बदललं, त्याची नोंद. सगळेच मेकॅनिक तसं लिहितात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. रेडिओला आतून अक्षरं असतात याचंच मला अप्रूप वाटलं.

तीन दिवस तुम्ही तो ठेवून घेतलात आणि काहीच सापडलं नाही. मग बाबांना विचारलंत, सात वाजता तुमच्या चाळीत काय सुरू होतं? समोरची पिठाची गिरणी सुरू व्हायची. तिची मोटर आमच्या बातम्यांत खरखरत होती. तुम्ही पेन्सिल कानावरून काढली, झाकणाच्या आत तिथी लिहिलीत आणि पुढे लिहिलंत, 'उघडून तपासला. दोष नाही.' दोष नव्हता तर लिहायचं कशाला, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "उघारला का लिवायचा, बाय. गवसला तरी लिवायचा, नय गवसला तरी लिवायचा."

आणि ती तिथी. दुसरे लोक तारीख लिहीत, तुम्ही आश्विन वद्य नवमी लिहायचात. कोलशेतला तुमच्या वडिलांची होडी, भावाचीही तीच, खाडीची भरती-ओहोटी तिथीवर चालते आणि तुमच्या घरात दिवस तिथीनेच मोजायचे. होडी तुम्ही सोडलीत, डोंबिवलीत येऊन रेडिओ धरलात, पण हिशेबाची ही रीत काही सोडली नाहीत. गॅरंटी संपली की नाही यावरून गिऱ्हाईक भांडायला आलं की तुम्ही शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यासमोर ठेवायचात. बिचाऱ्याला एकादशी सोडून दुसरी तिथी माहीत नसायची.

नव्वद सालानंतर तुमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि बीएस्सी होऊन मी तिथे बेसिक शिकवायला लागले. दुपारच्या दोन बॅचच्या मधे मी जिना उतरून तुमच्याकडे यायची. तोवर हवाई दलात मुलींनाही विमान चालवण्याच्या नोकरीची दारं उघडली होती. मी अर्ज केला होता. घरी सांगितलं होतं, तुम्हालाही सांगितलं होतं, तिसऱ्या कुणाला नाही. वर्षाअखेर निवडीचं बोलावणं येणार होतं, आणि त्यात एक चाचणी होती जी माणसाला जन्मात एकदाच देता येते. नापास झालात तर पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. बाबा हे ऐकून इतकंच म्हणाले की आमच्या कारखान्यात लोक चार चार वेळा परीक्षा देऊन फोरमन होतात, हे काय भलतंच.

ती चाचणी दिलेल्या एकाने मला सांगितलं होतं की पडद्यावर एक ठिपका सतत भरकटतो आणि हातातल्या दांडीने तो मधल्या चौकोनात धरून ठेवायचा असतो. मी आयुष्यात कसलीच दांडी धरलेली नव्हती. सायकलसुद्धा नाही. क्लासमध्ये विमान उडवायचा एक प्रोग्राम होता, कुणाकडून तरी फ्लॉपीवर उतरवून घेतलेला. तो आम्ही कीबोर्डच्या बाणांनी चालवायचो. बाण दाबला की विमान वळतं, सोडला की थांबतं. थोडंसं वळणं हा प्रकार त्यात नव्हताच. तुम्ही वर येऊन पाच मिनिटं बघितलंत आणि म्हणालात की हे विमान चालवणं नाही, हे दिवा लावणं-विझवणं झालं.

जॉयस्टिक मुंबईला मिळायची, पण तुम्हाला ती विकत आणणं कमीपणाचं वाटलं. मशीनच्या मागे पंधरा भोकांची एक खाच होती, तिचा उपयोग क्लासच्या मालकालाही माहीत नव्हता. एका जुन्या मासिकातून मी तिची जोडणी कागदावर उतरवून दिली. आत हवे होते फक्त दोन फिरणारे रोधक, एक डावी-उजवीकडे, एक वर-खाली. तुम्ही हसलात. "म्हंजे रेडिओचा व्हॉल्यूमच ना." हो, मी म्हटलं, तोच.

तीच आपली पहिली चूक, आणि ती निव्वळ रेडिओवाल्याची चूक होती. तुम्ही डबाभर व्हॉल्यूममधून दोन निवडून काढलेत, पत्र्याच्या पट्ट्या कापल्यात, भावाच्या मोडक्या वल्ह्याचा तुकडा तासून मूठ केलीत. जोडल्यावर विमान डावीकडे वळायचं ते अगदी आळसावून आणि उजवीकडे वळायचं ते झेप घेऊन. तीन दिवस मी माझ्या प्रोग्राममध्ये दोष शोधत होते. तुम्ही माझ्या मनगटात शोधत होतात. चौथ्या दिवशी तुम्ही जिन्यातूनच हसत वर आलात. रेडिओचा व्हॉल्यूम सारखा चढत नाही. माणसाच्या कानाला बरं वाटावं म्हणून तो अर्ध्यापर्यंत हळू आणि पुढे भराभर चढेल असाच बनवतात. वीस वर्षं रोज ते बदलणारा माणूस हे विसरला होता. मग तुम्ही टीव्हीच्या ब्राइटनेसचे दोन काढून बसवलेत, ते सरळ चढतात. विमान सरळ झालं. तुम्ही पेटीच्या तळाच्या फळीवर आतून लिहिलंत, 'व्हॉल्यूम बदलले. अक्कल आली.' आणि वर वैशाखातली कुठलीशी तिथी.

आता दोष राहिला माझ्या हातात. माझा हात कापायचा. भीतीने नाही, ती नंतर आली. जन्मतःच थोडा कापतो, दुधाचं पातेलं उतरवताना आई अजून माझ्यावर ओरडते. तो कंप दांडीतून सरळ पडद्यावर उतरायचा. मी बेसिकमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, एक फुली भरकटत राहते आणि दांडीने ती चौकोनात धरायची. साठ सेकंदांपैकी किती सेकंद फुली आत राहिली ते प्रोग्राम सांगायचा आणि मी वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात आकडा वीसच्या वर गेला नाही.

दांडीची चपळाई कमी करायची कुठे, यावर आपण दोघं महिनाभर भांडलो. मी म्हणायची, प्रोग्राममध्ये एक भागाकार वाढवू, दांडी कितीही हलू दे, फुली चौथ्या हिश्शाने हलेल. तुम्ही म्हणायचात, मग विमान मोठं वळण घ्यायच्या वेळी तू दांडी टेबलाच्या बाहेर नेणार काय? मी म्हणायची, मग मधे मंद ठेवू, कडेला चपळ. तुम्ही म्हणायचात, तोच तर व्हॉल्यूम आपण काढून टाकला. हे बोलताना तुम्ही एखाद्या टीव्हीच्या पोटात डोकं घातलेलं असायचं आणि गिऱ्हाईकाला वाटायचं त्याच्याच टीव्हीची चर्चा चाललीय. तुमचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं की पेटीला अक्कल देऊ नये, हाताला द्यावी. आणि तरी एके दिवशी तुम्हीच सायकलच्या ट्यूबची एक कडी कापलीत आणि दांडीचं खालचं टोक आणि पत्र्याची पट्टी यांच्यामध्ये बसवलीत. बारीक कंप त्या रबरातच जिरायचा, पट्टीपर्यंत पोचायचा नाही. आकडा एका दिवसात पस्तिसावर गेला. मी आनंदाने टेबलावर हात आपटला. तुम्ही म्हणालात, हे औषध नाही, जखमेवरची पट्टी आहे. हात बसला की काढायची.

हात बसावा म्हणून तुम्ही मला एका रविवारी कोलशेतला नेलंत. तुमच्या भावाच्या होडीत बसवलंत आणि खाडीच्या मध्यावर सुकाणू माझ्या हातात दिलंत. समोरच्या कारखान्याचं धुराडं नाकासमोर ठेवायचं, एवढंच सांगितलंत. मी सुकाणू ढकललं, काही झालं नाही. आणखी ढकललं. मग होडी वळली ती वळतच राहिली. मी घाईने उलटं ढकललं आणि ती दुसरीकडे तेवढीच वाकडी. तुमचा भाऊ हसू दाबत जाळं आवरत बसला. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवला नाहीत, हे मला आठवतं. लांबूनच बोललात.

"थोरा दे. मंग थांब. होरीला कलू दे. मंग परत आन."

पुन्हा पुन्हा तीच चार वाक्यं. पाण्याला माझं म्हणणं कळायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मी दुसरं काही म्हणायला जाते, ही माझी खोड त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसली. आमचं विमानही तसंच होतं. जुनं मशीन, चित्र अडखळत बदलायचं, दांडी हलवल्यावर क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मी अधीर होऊन जास्त हलवायची. चूक कंपापेक्षा अधीरपणाची होती. तासाभराने धुराडं नाकासमोर राहिलं. तुमच्या वहिनींनी जवळ्याची चटणी आणि भाकरी खाऊ घातली. येताना बसमध्ये माझ्या तळहाताला फोड आले होते आणि मी खूश होते.

त्यानंतर सगळं भराभर सुधारलं. वहीतला आकडा चढत गेला. विमान धावपट्टीवर उतरायला लागलं, आधी आदळत, मग नीट. तुम्हीही कधी बॅच नसताना वर येऊन बसायचात. तुम्हाला विमान उतरवायचं नसायचंच. उडवून समुद्रावर न्यायचं आणि पेट्रोल संपेपर्यंत पाण्यावरून फिरायचं. धावपट्टी कुठे गेली असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, जमिनीवर काय हाय? तुम्ही दांडी दोन बोटांत धरायचात. होडीवाल्याची बोटं, एवढी जाड, आणि फुली चौकोनाच्या आत खिळ्याने ठोकल्यासारखी. मला तुमचा हेवा वाटायचा, आज सांगते.

श्रावणात मी म्हटलं, काका, आता रबर काढा. खऱ्या दांडीत रबर नसणार. तुम्ही म्हणालात, काढतो. आठवड्याने पुन्हा विचारलं. काढतो म्हटलंय ना. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मधे गौरी-गणपती आले, तुम्ही कोलशेतला गेलात, मग बोलावण्याचं पत्र आलं, आणि आई शेजारपाजाऱ्यांना काही न सांगता विहारात रोज जायला लागली. पेटी उघडून बघावी असं माझ्या मनात आलं नाही. उघडायची पेटी तुमची होती.

मार्गशीर्षात मी परगावी जाऊन ती चाचणी दिली. काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिथली दांडी लांब होती, ताठ होती. घाम आलेला. पहिलं मिनिट ठीक गेलं. मग ठिपका एकदा माझ्या हातून निसटला आणि मी त्याच्यामागे धावले. थोडं दिलं नाही, भरपूर दिलं. तो पलीकडे गेला, मी उलटं ओढलं. तुमची चारही वाक्यं मला आठवत होती, शब्दशः, तुमच्या आवाजात. मी थांबले नाही. आयुष्यात एकदाच मिळणारी ती मिनिटं मी ठिपक्याच्या मागे धावण्यात घालवली. दुपारी नावं वाचली, त्यात माझं नव्हतं.

परत आले ती घरी न जाता थेट तुमच्या दुकानात. दोन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "तुम्ही रबर काढलंच नाहीत. तुम्ही मला खोट्या दांडीवर शिकवलंत. माझा हात बसलाच नव्हता, तुमचं रबर बसलं होतं." आणखी बरंच बोलले. नुसत्या रेडिओवाल्याच्या नादी लागायला नको होतं, असंही म्हणाले. तुम्ही सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवलीत. कानावरची पेन्सिल काढलीत, परत ठेवलीत. पेटी टेबलाखालीच होती. वाकून काढली असतीत तर दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "राहिला आसंल, बाय. माजीच चूक."

तिथेच ते संपलं. मी वर्षभर तुमच्या दुकानात आले नाही, जिन्यावरून मान खाली घालून जायची. मग क्लास सुटला, नोकरी लागली, आणि ती नेमकी कोलशेतच्या कारखान्यात, तुमच्या गावच्या उशाला. यंत्रांच्या नियंत्रणाचं काम. हँडल किती फिरवलं की यंत्र किती हलावं हे ठरवण्याचा मला आता पगार मिळतो. हे तुम्हाला सांगायला म्हणून मी पेढे घेऊन आले आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. तुम्ही विचारायचात, मशीन कितीने भागतेस? मी सांगायची. तुम्ही म्हणायचात, जास्त हाय. कधी कधी ते खरंच जास्त निघायचं. पण त्या पेटीचं नाव आपण दोघांनी घेतलं नाही. मी तुम्हाला माफ केलंय, असा माझा समज होता. मोठ्या मनाने केलंय, असासुद्धा.

शेवटचं भेटलो ते संक्रांतीला. तुम्ही बारीक झाला होतात, दम लागत होता. काकींनी तिळगूळ दिला. तुम्ही म्हणालात, "बाय, ती दांडी..." आणि मी लगेच म्हणाले, जाऊ द्या ना काका, झालं गेलं. आणि टीव्हीवर काय लागलंय ते विचारलं. त्याही वेळी मी थांबले नाही. तुम्हाला काय बोलायचं होतं ते आता कळायला मार्ग नाही. असंही असेल की तुम्हाला फक्त विचारायचं होतं, दांडी हवी का, की माळा मोकळा करायचा आहे.

काल संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी ती कपाटावरून खाली घेतली. स्क्रूड्रायव्हर आणला. मला वाटलं होतं की रबर बघायचं, हो, होतं, असं म्हणायचं आणि तुमच्यावरचा शेवटचा राग काढून घ्यायचा. मग नीट रडता येईल.

चार स्क्रू काढून तळाची फळी उघडली. रबर नव्हतं.

ते निसटून पडलेलं नव्हतं. दांडीच्या टोकाला पत्र्याची नवी पट्टी होती, जुनीपेक्षा अरुंद, तिची खाच दांडीच्या बरोबर मापाची, कानसीने घासून गुळगुळीत केलेली. रबर काढल्यावर जो ढिलेपणा आला असता तो राहू नये म्हणून तुम्ही नवी पट्टी घडवली होती. अशी पट्टी करायला दुपार जाते, मला माहीत आहे, आता माझा तोच धंदा आहे. फळीच्या आतल्या बाजूला वैशाखातली ती अक्कल आल्याची ओळ होती. तिच्याखाली रबर घातल्याची एक. आणि तिच्याखाली, 'भाद्रपद शु. दशमी. रबर काढले. पोरीला सांगितले नाही. हात बसला.'

मी काकींना शेजारच्यांच्या फोनवर फोन केला. दशमी कधी असते ते विचारलं. "गौरी गेल्या का दुसऱ्या तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, त्या साली हे गौरीचं उरकून एकटेच डोंबिवलीला पळाले होते, कसला एवढा अर्जंट रेडिओ होता कोण जाणे. मी त्यांना काही सांगितलं नाही. पेटी केल्यापासून माझ्या चाचणीपर्यंत भाद्रपद एकच आला होता.

वही माझ्याकडे अजून आहे. मी ती काढून बघितली. त्या आठवड्यात आकडा पडलेला नाही. एक्केचाळीस, चाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. रबर गेलं आणि मला कळलंसुद्धा नाही. पुढचे तीन महिने मी उघड्या दांडीवर, माझ्या स्वतःच्या कापऱ्या हाताने ती फुली चौकोनात धरून ठेवत होते आणि श्रेय सायकलच्या ट्यूबला देत होते. तुम्ही ते बघत होतात. रबर काढलं असं सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी बिचकले असते, हे तुम्हाला ठाऊक असणार.

मग मार्गशीर्षात, दोन गिऱ्हाईकांसमोर, तुम्ही वाकून पेटी का काढली नाहीत? काल रात्री जेवतानाही मी हाच विचार करत होते. तुम्ही ती उघडली असतीत तर दोष कुणात होता ते त्या दुकानात त्या क्षणी ठरलं असतं. मी तेविसाची होते, जन्मात एकदा मिळणारी गोष्ट घालवून तशीच दारात उभी होते. दोष पेटीत आहे असं मानून मी घरी गेले, जेवले, दुसऱ्या दिवशी बॅच घेतली. पाच वर्षं मी व्यवस्थित जगले. बाबा मात्र माझ्याकडून रबराचं ऐकल्यापासून तुमच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडायला लागले होते, ते तुम्ही बघितलं असेल. तेही तुम्ही चालू दिलंत. एकदा तरी सांगायला हवं होतंत, काका. मला राग येतो तो याचा, आणि हा राग आता कुठेही नेऊन ठेवता येत नाही. मला तुमची आठवण येते. हे इतकं साधं वाक्य लिहायला मला अठरा दिवस लागले.

आज सकाळी बाबांना फळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या, पट्टीवरून बोट फिरवलं, खाचेचं माप नखाने बघितलं. फिटर आहेत. म्हणाले, "चांगलं काम केलंय." मग शर्ट घातला आणि काकींना भेटून येतो म्हणून निघाले.

ते गेल्यावर मी पेन्सिलीला टोक केलं आणि कॅलेंडरमध्ये आजची तिथी शोधली. दांडी दोन बोटांत धरून एकदा हळूच डावीकडे नेली, थांबले, परत आणली. तुमच्या ओळीखाली जागा होती. उघडलं की लिहायचं असतं, म्हणून लिहिलं:

'फाल्गुन शु. सप्तमी. उघडून तपासली. दांडीत दोष नाही.'